पुराची मदत मोहल्ल्यात पोहोचते, माजूर माणसापर्यंत का पोहोचत नाही?

पूर ओसरला की आपल्याकडे पहिलं काम कुठलं सुरू होतं? यादीचं. मशिदीच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेच्या एखाद्या वर्गात तरुण मुलं वही घेऊन बसतात. रकाने ठरलेले असतात: कुटुंबप्रमुखाचं नाव, मोबाईल नंबर, घरात माणसं किती, पाणी किती फूट चढलं होतं, काय पाहिजे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. त्यानंतर गावोगावच्या जमातींनी, तरुणांच्या मंडळांनी, बिगरमुस्लिम संस्थांनीही अशाच याद्यांवर पाणी, ब्लँकेट, राशन किट वाटले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पाणी भरलं तेव्हाही हेच झालं. मदत करणाऱ्यांच्या नियतीवर कुणी बोट ठेवू शकत नाही. लोक रात्र रात्र जागले, गाळ उपसला, दुसऱ्याच्या घरातली मेलेली जनावरं उचलली.

पण त्या यादीत एक रकाना नसतो. घरात कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला उठता येत नाही, कुणाला सांगितलेलं समजत नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं. बेवा लिहितात, यतीम लिहितात, भाडेकरू की घरमालक हेही लिहितात. माजूर माणूस मात्र 'घरात माणसं सात' या आकड्यात विरघळून जातो.

त्याचा परिणाम वाटपाच्या वेळी दिसतो. किट घ्यायला टोकन घेऊन दोन तास रांगेत उभं राहायचं असतं. वाटप कधी आणि कुठे हे माईकवरून सांगतात, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला ते सांगितलेलंच नाही. किट उचलून गाळातून घरी न्यायचं असतं, पीठ-तांदूळ-तेल मिळून वजन चांगलंच असतं. एकट्या राहणाऱ्या आंधळ्या बाईने हे कसं करायचं? शेजारी आणून देतात हे खरं आहे, आपल्या मोहल्ल्यांत ती माणुसकी अजून आहे. पण पुरात शेजाऱ्याचंही घर गेलेलं असतं. आणि किटमध्ये काय असतं तेही बघा. सर्वांना सारखं देणं म्हणजे इन्साफ असं आपण समजतो. ज्याची कुबडी वाहून गेली, ज्याच्या कानाच्या मशीनमध्ये पाणी गेलं, ज्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला डायपर आणि कॅथेटर लागतात, ज्या मुलीची फिटची गोळी दोन दिवस चुकली, त्यांना पाच किलो तांदूळ जास्त देऊन काही उपयोग नाही.

घरात कुणी अपंग आहे का?

आता काही जण म्हणतील, आमच्याकडे तसे लोक फारसे नाहीतच. हा गैरसमज फार पसरलेला आहे, आणि तो आपल्याच आकड्यांनी पोसलेला आहे.

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदवल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला, त्यात जगात १३० कोटी लोक, म्हणजे सुमारे १६ टक्के, लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतात असं म्हटलं आहे. सहा माणसांत एक. एका बाजूला दोन टक्के आणि दुसऱ्या बाजूला सोळा. भारतातली माणसं जगापेक्षा सातपट धडधाकट आहेत असं तर कुणी म्हणणार नाही.

हिशोब करून बघा. एका मोहल्ल्यात सहाशे कुटुंबं, घरटी पाच माणसं धरली तर तीन हजार लोक. जनगणनेच्या प्रमाणाने त्यात साठ-सत्तर माजूर निघतील. जागतिक प्रमाण धरलं तर चारशे ऐंशी. आपल्या वहीत प्रत्यक्षात किती नावं असतात? पाच-सहा. तीही अशी, की ज्यांना सगळा मोहल्ला ओळखतो: व्हीलचेअरवर बसणारा तो, चौकात काठी घेऊन चालणारा तो.

फरक पडतो तो प्रश्नामुळे. 'घरात कुणी अपंग आहे का?' असं दारात उभं राहून विचारलं की उत्तर 'नाही' येतं. आजीला गुडघ्यांमुळे संडासापर्यंत जाता येत नाही, पण घरच्यांच्या लेखी ती अपंग नाही, 'वय झालंय'. आजोबांना मोतीबिंदूने काही दिसत नाही, तेही वयच. मुलगा बोलत नाही, 'उशिरा बोलेल, त्याचे चाचाही उशिरा बोलले होते'. आणि मुलगी असेल तर घरच्यांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो रिश्त्यांचा. धाकट्या बहिणींचे रिश्ते अडतील म्हणून थोरलीचं नावच सांगत नाहीत. अशी घरं प्रत्येक शिक्षकाला माहीत असतात. पटावर तीन भावंडं असतात, आणि चौथं आहे हे आपल्याला वर्गातलं दुसरंच पोर सांगतं.

शब्दही आड येतो. अपंग म्हटलं तर लोकांना झोंबतं, दिव्यांग हा सरकारी शब्द अजून सगळ्यांच्या तोंडी बसलेला नाही. उर्दूत आपण माजूर म्हणतो. हा शब्द उज्र वरून आला, उज्र म्हणजे वाजवी अडचण. फिकहमध्ये माजूर म्हणजे ज्याला त्या अडचणीमुळे सवलत आहे तो: उभं राहता येत नाही तर बसून नमाज, बसता येत नाही तर पडून. मला हा शब्द आवडतो, कारण तो माणसात खोट आहे असं म्हणत नाही, अडचण कुठे आहे ते विचारा म्हणतो. पण दारात सर्वे करताना हाही शब्द वापरू नये. का, ते पुढे येतं.

सहा साधे प्रश्न

२००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने या अडचणीवर एक गट नेमला. वॉशिंग्टन ग्रुप म्हणून तो ओळखला जातो. निरनिराळ्या देशांच्या सरकारी सांख्यिकी कार्यालयांतले लोक त्यात आहेत. त्यांनी सहा प्रश्नांचा एक छोटा संच तयार केला. त्यात अपंग, दिव्यांग, आजारी असा कुठलाच शब्द नाही. फक्त त्रास किती होतो ते विचारायचं. आपल्या भाषेत ते साधारण असे होतील.

चष्मा लावत असाल तर तो लावूनही दिसायला त्रास होतो का? कानाचं मशीन लावूनही ऐकायला त्रास होतो का? चालायला किंवा जिना चढायला त्रास होतो का? गोष्टी लक्षात ठेवायला किंवा एका कामात लक्ष लावायला त्रास होतो का? अंघोळ, कपडे घालणं असं स्वतःचं आवरायला त्रास होतो का? रोजच्या बोलीत दुसऱ्याचं बोलणं समजून घ्यायला किंवा आपलं समजावून सांगायला त्रास होतो का?

उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडा होतो, खूप होतो, जमतच नाही. सहापैकी एका जरी प्रश्नाला 'खूप होतो' किंवा 'जमतच नाही' असं उत्तर आलं तर त्या व्यक्तीची नोंद अपंगत्वाच्या रकान्यात करायची. बस्स. एका माणसाला दोन मिनिटं लागतात, सर्वे करणाऱ्याला डॉक्टर असावं लागत नाही.

मराठवाड्यात दखनी बोलणाऱ्या घरात प्रश्न दखनीतच टाका, 'चलने कू तकलीफ होती क्या? थोडी, भोत, या बिल्कुल चल्याच नै जाता?' कोकणात कोकणी बोलीत विचारा. पुस्तकी उर्दूत किंवा फॉर्मच्या मराठीत विचारलं की माणूस दबतो आणि मान हलवून मोकळा होतो. मात्र प्रश्नाचा मतलब बदलू नका. 'चलने में तो कोई प्रॉब्लेम नहीं ना?' असं विचारलं की समोरचा 'नहीं' म्हणणारच. आणि आजीला नीट दिसतं की नाही हे अंगणातून बघून आपणच टिक करायचं नाही. सर्वे करणारी पोरं घाईत असली की हे हमखास करतात.

उत्तर द्यायचं त्या माणसाने स्वतः. आपल्याकडे सर्वेला उत्तर घरचा कर्ता देतो, बाकीचे परद्याआड. कर्त्याला वाटतं आई ठीक आहे. आईला विचारा, ती सांगेल की अंधार पडला की ती पाणी पीत नाही, कारण रात्री उठून संडासला जाता येत नाही. बायकांना विचारायला सर्वेच्या गटात एक तरी बाई पाहिजे. हा आपल्या याद्यांचा दुसरा मोठा दोष आहे, वहीवाले सगळे मर्द असतात.

या सहा प्रश्नांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ते नाहीत. दोन ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप यांनी वेगळी प्रश्नावली केलेली आहे, ती थोडी लांब आहे. मानसिक आजार या सहा प्रश्नांत नीट पकडले जात नाहीत. जो माणूस चालतो, बोलतो, बघतो, पण पुराच्या रात्रीनंतर पावसाचा आवाज आला की थरथर कापतो, त्याला यात जागा नाही. आणि हे प्रश्न म्हणजे निदान नव्हे. त्यावरून सर्टिफिकेट मिळत नाही, यूडीआयडी कार्ड मिळत नाही. ते काम सरकारी रुग्णालयाचं. उलटही लक्षात ठेवा: मदत देताना कार्ड मागायचं नाही. पुरात कागदपत्रं आधी वाहून जातात, आणि कार्ड नाही म्हणून माणसाला दिसायला लागत नाही.

हे प्रश्न प्रत्यक्ष संकटात वापरले गेले आहेत. सीरियात युद्धाच्या काळात याच पद्धतीने पाहणी झाली तेव्हा एक चतुर्थांशाहून जास्त लोक अपंगत्वाच्या रकान्यात आले. सहाजणांत एक हे जगाचं सरासरी प्रमाण. युद्धाने ते कुठे नेऊन ठेवलं बघा. गाझाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की जखमींपैकी किमान २२,५०० जणांच्या जखमा आयुष्यभराच्या आहेत. हातपाय तुटलेले, मणक्याला मार लागलेले, भाजलेले. आपण गाझासाठी चंदा देतो तेव्हा डोळ्यांसमोर रोटी आणि औषध असतं. तिथे कृत्रिम पाय, फिजिओथेरपी, व्हीलचेअर यांची गरज कित्येक वर्षं राहणार आहे.

पळता येत नाही त्याचं काय?

मदत नंतरची गोष्ट झाली. आधी जीव वाचला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती विभागाने २०१३ मध्ये जगभरातल्या पाच हजारांहून जास्त अपंग व्यक्तींना विचारलं होतं, अचानक संकट आलं तर लगेच बाहेर पडता येईल का? कसलीही अडचण न येता पडता येईल असं म्हणणारे फक्त २० टक्के होते. ६ टक्के म्हणाले अजिबात पडता येणार नाही. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा पाहणी झाली तेव्हा ८४ टक्के लोकांकडे आपण कसं निघायचं याची काही योजनाच नव्हती.

जपानचं उदाहरण देण्यासारखं आहे, कारण तो श्रीमंत आणि शिस्तीचा देश असूनही तिथे हे चुकलं. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत अपंग व्यक्तींच्या मृत्यूचं प्रमाण बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट होतं असं नंतर दिसून आलं. गंमत अशी (गंमत तरी कसं म्हणायचं) की याद्या होत्या. नगरपालिकांकडे अपंगांची नोंद होती. पण ती माहिती खासगी, बाहेर द्यायची नाही, असा नियम. त्यामुळे मदतीला आलेल्या संस्था दार ठोठावत फिरत राहिल्या आणि यादी कपाटात राहिली. मिनामिसोमा या शहराने वेगळा निर्णय घेऊन यादी मदत करणाऱ्यांना दिली, तेव्हा कुठे घरात अडकून पडलेली माणसं सापडली. पुढे २०१३ मध्ये कायदा बदलला. कुणाला बाहेर पडायला मदत लागेल याची यादी करणं नगरपालिकांना बंधनकारक झालं. त्या व्यक्तीची परवानगी असेल तर यादी आधीच स्थानिक मदतनीसांना द्यायची, आणि संकट आल्यावर जीव वाचवायला परवानगीशिवायही देता येते. २०२१ मध्ये आणखी एक पाऊल: प्रत्येक माणसासाठी वेगळी योजना करण्याचा प्रयत्न करायचा, कोण येईल, कुठल्या रस्त्याने नेईल, कुठे ठेवेल.

बांगलादेशात गायबांधा जिल्ह्यात, ब्रह्मपुत्रेच्या काठी, हेच काम कमी पैशात झालं. अपंग लोकांचे गट गावोगावी तयार झाले आणि त्यांचे प्रतिनिधी गावच्या आपत्ती समितीत बसले. पुरात आसरा घ्यायच्या शाळांना उतार बांधला, व्हीलचेअर चढेल अशा बोटी आल्या. उतार कुठे पाहिजे हे समितीला बाहेरून येऊन कुणी सांगावं लागलं नाही, चाकाच्या खुर्चीवर बसलेलाच माणूस समितीत होता.

आपल्या कायद्यात हे नाही असं नाही. भारताने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार ऑक्टोबर २००७ मध्ये मान्य केला. त्याचं कलम ११ संकटकाळातल्या संरक्षणाबद्दल आहे आणि कलम ३१ आकडेवारी गोळा करण्याबद्दल. त्यानुसार २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. त्याचं कलम ८ प्रत्येक जमातीच्या सदराने वाचावं असं आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंग व्यक्तींची नोंद ठेवायची आणि धोका आला तर त्यांना कळेल अशी व्यवस्था करायची, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१९ मध्ये यावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग आहे. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे आहेत. पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत तहसीलदारांना कलम ८ ची नोंद कुठे आहे असं विचारायला काही हरकत नाही. कुणी रागावलं तरी कायदा हातात आहे.

खरं तर याद्या आपल्याकडेही भरपूर आहेत, त्या फक्त एकमेकींना भेटत नाहीत. शाळेत यू-डायसवर विशेष गरजा असलेल्या मुलांची नोंद असते, गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतो. अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला घर न् घर माहीत असतं. संजय गांधी निराधार योजनेची यादी तहसीलला असते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणि ८५ वर्षांवरच्यांना घरी बसून मत देता आलं. बीएलओने दारात जाऊन १२-डी चा फॉर्म दिला, मग मतपेटी घरात आली. मतासाठी जे दार सापडतं ते पुराच्या रात्री का सापडू नये? बीएलओ बहुतेक वेळा शिक्षकच असतो. रस्ता त्याला पाठ आहे.

यादी कुणाच्या हातात

इथे एक धोका आहे आणि त्याबद्दल आपण फार बेफिकीर आहोत. मदतीची यादी बनली की तिचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. नाव, पत्ता, नंबर, 'मंदबुद्धी मुलगी, मां के साथ अकेली' असं सगळं चारशे माणसांच्या ग्रुपवर. ही माहिती वाईट माणसाच्या हातात गेली तर काय होईल हे लिहायची गरज नाही. माहिती देणाऱ्याला आधी सांगा की ही कशासाठी घेतोय, कोण बघणार. नको म्हणाला तर लिहू नका, आणि नको म्हणाला म्हणून किट अडवू नका. यादी दोघा-तिघा जबाबदार माणसांकडेच ठेवा, त्यात एक बाई असावी. वाटप करणाऱ्या पोराला आजाराचं नाव कळायची गरज नाही, 'घरपोच द्या, कडी वाजवून थांबा, वेळ लागेल' एवढं पुरे. आणि किट देतानाचे फोटो? व्हीलचेअरवरच्या माणसाच्या हातात तांदळाची पिशवी, बाजूला सहा जण हसत. चंदा देणाऱ्यांना हिशोब द्यायचा असेल तर पावत्या दाखवा.

जमा केलेला आकडा वापरलाही पाहिजे. वाटप झालं की यादी पुन्हा काढून बघायची: चारशे किट गेले, त्यातले खूप त्रास असलेल्या माणसांच्या घरात किती गेले? बायका किती, साठच्या पुढचे किती? हे तीन हिशोब वेगळे काढले तरच कळतं की कोण सुटलं. नाहीतर 'चारशे किट वाटले' ही फक्त बातमी होते.

नोंदणीची ही सवय आपल्याला परकी नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात दीवान बनला, त्यात लोकांची नावं आणि प्रत्येकाचा वजीफा लिहिलेला असे. उमय्या खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक याच्याबद्दल (राज्यकाळ इ.स. ७०५ ते ७१५) इतिहासकार तबरी नोंदवतात की त्याने चालता न येणाऱ्याला सेवक आणि आंधळ्याला वाट दाखवणारा माणूस सरकारातून दिला. इतकी व्यवस्था कुठे कोण आहे हे लिहून ठेवल्याशिवाय होत नाही.

आणि हजरत अब्दुल्लाह इब्न उम्म मकतूम (रजि.) यांची गोष्ट आपण फक्त सूरह अबसच्या संदर्भात सांगतो. ते नाबीना होते हे सांगतो, पण पुढचं सांगायला विसरतो. ते मस्जिद-ए-नबवीचे मुअज्जिन होते, आणि अल्लाहचे रसूल (स.) मोहिमेवर जाताना एकापेक्षा जास्त वेळा मदिन्याची जबाबदारी त्यांच्याकडे देऊन गेले. नाबीना माणसाला मदत मिळाली इथे ती गोष्ट संपत नाही, त्याच्या हातात शहर दिलं गेलं. आपल्या मदत समितीत किती माजूर आहेत? ज्याला स्वतःला गाळातून चाक ढकलायला लागलं आहे तो वाटपाची जागा कुठली असावी हे दहा मिनिटांत सांगेल. मूकबधिर तरुणाला सर्वेच्या गटात घ्या, बाकीच्या मूकबधिरांपर्यंत निरोप तोच पोहोचवेल. त्यांचे आपले व्हिडिओ कॉलचे ग्रुप असतात, आपल्याला पत्ताही नसतो.

खर्च विचाराल तर फार नाही. वहीत सहा रकाने वाढतील. रांग दोन करायच्या, एक बसून. निरोप माईकवर सांगायचा आणि फळ्यावर लिहून लावायचा, मेसेजही करायचा. किटचं वजन दोन पिशव्यांत विभागायचं. शंभर किटमागे थोडे पैसे बाजूला ठेवायचे, डायपर, कानाच्या मशीनचे सेल, कुबड्या, फिटच्या आणि शुगरच्या गोळ्या यासाठी, कारण ही मागणी पहिल्या दोन दिवसांत येते आणि त्याच वेळी मेडिकलची दुकानं गाळात असतात. आसऱ्याला शाळा उघडताना तळमजल्यावरची खोली आणि संडासाजवळची खोली या लोकांसाठी ठेवायची. पुराचा धोका असेल त्या गावात मात्र तळमजला सोडून, मग उचलून न्यायला चार जणांची नावं आधीच ठरलेली पाहिजेत.

एक गोष्ट जवळ आलेली आहे. देशाची पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार आहे. दारात येणारे प्रगणक बऱ्याच ठिकाणी आमच्यासारखे शिक्षकच असतील. अपंगत्वाबद्दल विचारलं गेलं तर 'नाही' म्हणून पुढचा प्रश्न घेऊ नका. आजीला, न बोलणाऱ्या पोराला, आतल्या खोलीतल्या मुलीला बाहेर बोलवा, त्यांची नावं त्यांच्यासमोर लिहून घ्या. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी दोन मिनिटं यावर बोलावं, जनगणनेच्या आधीच्या दोन-तीन जुम्यांना. रिश्ते अडतील ही भीती सर्वे करणाऱ्याच्या सांगण्याने जात नाही, मिंबरवरून सांगितलं तर थोडी तरी कमी होते.